रोज काढूनही आकृती तिथेच का अडते?

तक्रार बहुतेक याच शब्दांत येते: रोज तासभर स्केचिंग करतो, वहीवर वही भरते, पण माणूस अजून कलंडलेलाच, डोकं मोठं आणि पाय तोकडे. त्यावर कुणीतरी सांगतं, अजून सराव कर. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. हात जे पुन्हापुन्हा करतो तेच त्याच्यात मुरतं, आणि त्यात चूकही आली. शंभर आकृत्यांपैकी एकीवरही नंतर मोजपट्टी लागली नसेल, तर शंभराव्या आकृतीत सुधारणा यायची कुठून?

म्हणून इथे आधी लक्षण, मग कारण, मग उपाय असं पाहू. उदाहरणं किनाऱ्यावरची घेतली आहेत, कारण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत बंदरावर, मच्छीबाजारात, जाळ्यांच्या ढिगाशेजारी जितके मॉडेल फुकट बसलेले असतात तितके चांगल्या कलाशाळेतही मिळत नाहीत. शेवटी तपासणीची पद्धत आहे. घाई असेल तर आधी ती वाचा, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे.

डोकं मोठं, पाय तोकडे

आधी शरीरशास्त्राकडे धावू नका, वही किंवा कागदाखालची फळी कशी धरता ते बघा. वही मांडीवर आडवी ठेवली की कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि दबलेला दिसतो. ती दबलेली उंची तुम्ही नकळत भरून काढता, म्हणजे डोकं आणि खांदे ताणून मोठे करता. काढताना सगळं ठीक वाटतं. घरी येऊन वही समोर उभी धरली की डोकं भोपळ्याएवढं.

खात्री करायला दोन मिनिटं पुरतात. नेहमीसारखे बसा, वही नेहमीसारखी धरा आणि नुसत्या नजरेने १५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन काढा. मग पट्टी लावा. उंची रुंदीपेक्षा स्पष्ट जास्त भरली, किंवा वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा लांब आली, तर दोष तुमच्या बसण्यात आहे. नजर कागदावर काटकोनात पडेल इतकी फळी उभी करा. स्टुलावर बसून फळीची खालची कड मांडीवर आणि पाठ गुडघ्याला किंवा पिशवीला टेकवली की पुरे. ए-३ कागदाला १४ बाय १८ इंचाचा पातळ प्लायवूडचा तुकडा चांगला. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) कोकणात घेऊ नये, पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतात.

चौकोन बरोबर आला तर दुसरं कारण बघा: चेहऱ्यापासून सुरुवात. चेहऱ्यात जीव अडकतो, तो दीडपट होतो, आणि गुडघ्याशी पोचेपर्यंत कागद संपत येतो. मग पाय उरलेल्या जागेत कोंबले जातात. यावर उपाय म्हणून पहिल्या दोन खुणा टाळूच्या आणि तळपायाच्या करा. तिसरी त्यांच्या बरोबर मध्ये. सरळ उभ्या प्रौढ माणसाची जांघ साधारण या मध्यावर येते. पूर्ण उंची सुमारे साडेसात डोकी धरतात, प्रत्यक्षात सातपर्यंतही खाली येते. वर्षाच्या मुलाची सुमारे ४ आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ६ च्या आसपास. मुलं छोट्या म्हाताऱ्यांसारखी दिसत असतील तर गडबड इथेच असते.

पण एकाखाली एक सात डोकी रचत जाऊ नका. पहिल्या डोक्यात दोन मिलिमीटरची चूक असेल तर तळपायाशी ती दीड सेंटिमीटर होते. आधी पूर्ण उंची, मग अर्धा, मग पाव, असं वरून विभागत या.

मोजायचं कशाने

पेन्सिल चालते, पण माडाच्या झाडूतली हीर जास्त चांगली. ती बारीक असते, त्यामुळे मागचं दिसतं, आणि मोडली तरी हरकत नाही. हात खांद्यापासून पूर्ण ताठ, एक डोळा बंद, हीर नजरेच्या रेषेला काटकोनात. हीर माणसाकडे झुकली की माप चुकतं, आणि कोपर जरा वाकलं की पुढचं प्रत्येक माप वेगळं येतं. ‘मोजूनही चुकतं’ म्हणणाऱ्यांची बहुतेक गडबड कोपरात असते. हिरेवर टाळू ते हनुवटी अंगठ्याने धरा आणि ते माप किती वेळा कुठे बसतं एवढंच बघा. कागदावर सेंटिमीटर उतरवायचे नाहीत, गुणोत्तर उतरवायचं.

अंतर महत्त्वाचं. उभा माणूस काढायचा तर त्याच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे साधारण ५ मीटर मागे राहा. दोन मीटरवरून डोकं समोरून आणि पावलं वरून दिसतात. मग दोन्ही खरी असूनही एकत्र आली की खोटी वाटतात. बाजारात एवढी जागा मिळत नसेल तर उभ्या माणसाचा नाद सोडून बसलेला घ्या.

दुसरं साधन ओळंबा. गवंड्याचा घेण्याची गरज नाही. हातभर जाड रंगीत दोरा आणि खाली गळाला लावतात ते शिसं, एवढ्यात काम होतं. तंगूस (गळाची पारदर्शक नायलॉन दोरी) दोऱ्याऐवजी वापरू नये, उन्हात ती दिसतच नाही.

आकृती पडते

उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडा. एका पायावर भार असेल तर तो त्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ पडतो. दोन्ही पायांवर सारखा भार असेल तर दोन पावलांच्या मध्ये. कागदावरही तीच उभी रेघ काढा. चित्रात घोटा रेघेपासून अर्धी पावलाची रुंदी जरी सरकला तरी माणूस पडताना दिसतो, आणि तुम्ही मात्र चूक चेहऱ्यात शोधत बसता.

भाराच्या पायाकडची कंबर वर उचललेली असते, आणि त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो. म्हणजे खांद्यांची रेघ आणि कमरेची रेघ एकमेकींकडे झुकतात. या दोन तिरक्या रेघा पहिल्या अर्ध्या मिनिटात पडल्या नाहीत तर पुढे कितीही छायाभेद केला तरी माणूस खांबच राहतो.

ओझं आलं की हिशोब बदलतो. डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणीची मान कलत नाही. चालतानाचा सगळा हेलकावा कमरेत जातो आणि टोपली, डोकं, मान एका उभ्या रेघेत राहतात. टोपली धरायला उचललेला हात खांद्यासकट वर जातो, गळपट्टीचं हाडही तिरकं होतं. खांदा जागेवर ठेवून नुसता दंड वर केला की हात चिकटवल्यासारखा दिसतो. कमरेवर कळशी घेतली की कळशीकडची कंबर बाहेर येते आणि धड विरुद्ध बाजूला झुकतं.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांचं चित्र मात्र ‘सुधारून’ बिघडवलं जातं. वाळूत टाच रोवून मागे रेललेल्या माणसाचा ओळंबा टाचेच्याही मागे पडतो. तिथे तो तसाच पडायला हवा, कारण त्याचा तोल दोरीच्या ताणावर आहे. शिकणारा घाबरून त्याला सरळ करतो आणि ओढणं संपतं, नुसती दोरी धरलेला माणूस उरतो. तपासायला चित्रातली दोरी बोटाने झाका. माणूस आता मागे आपटेल असं वाटलं तर चित्र बरोबर आहे.

उकिडवं बसणं

परदेशी पुस्तकांतून शिकलेल्यांना इथे हमखास अडतं, कारण त्या पुस्तकांत खुर्च्या भरपूर आणि उकिडवं बसलेलं माणूस क्वचितच. आपल्याकडे मासळी निवडायची, कापायची, जाळं साफ करायचं, सगळं उकिडवं किंवा मांडी घालून.

मांडी घालून ताठ बसलेल्या माणसाची जमिनीपासूनची उंची साधारण ४ डोकी भरते. पाठ वाकली की कमी. उकिडव्यात टाच जमिनीला टेकलेली, गुडघे काखेच्या जवळ, मांडी आणि पोटरी एकमेकींवर दाबून चपटलेली. बाजूने बघितलं तर नितंब टाचेच्या मागे जातात, म्हणून तोल साधायला धड आणि हात पुढे येतात. सगळा भार पावलाच्या मधोमध. दोन चुका इथे सारख्या दिसतात. एक, नितंब अदृश्य स्टुलावर ठेवल्यासारखे उंच राहतात. दुसरी, मांडी आणि पोटरी पूर्ण लांबीच्या काढल्या जातात आणि गुडघा कानाला लागतो. समोरून बसलेल्या माणसाची मांडी सरळ आपल्याकडे येत असते. ती लांबीने काढायची नसून एकामागे एक आकार ठेवून दाखवायची: आधी गुडघ्याचा गोल, त्याच्यामागे अर्धवट झाकलेली मांडी, तिच्यामागे पोट.

आकृती लाकडी होते

याचं एक मूळ ग्रेड परीक्षांत आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रासाठी अनेकांनी एक माणूस पाठ केलेला असतो: बाजूने चालणारा, एक हात पुढे, एक मागे. परीक्षेपुरतं ते ठीक. पण तो माणूस हातात इतका बसतो की समोर जाळं शिवणारा बसलेला असतो आणि कागदावर उतरतो तो पाठ केलेलाच, फक्त वाकवलेला.

तो हातातून काढायला वेळ कमी करावा लागतो. एका बैठकीत ३० सेकंदांच्या १० पोज, मग दोन मिनिटांच्या ५, मग १० मिनिटांच्या २. एकूण ३५ मिनिटं, आणि वर १५ मिनिटं तपासणी. अर्ध्या मिनिटाच्या पोजमध्ये दहाच रेघा: डोक्याचा गोल, मानेपासून कण्यातून भाराच्या टाचेपर्यंत जाणारी एक सलग रेघ, खांद्यांची, कमरेची, हातापायांच्या चार, आणि दोन शिल्लक. अकरावी काढावीशी वाटली की पेन्सिल खाली ठेवायची. बोटं हलवून नव्हे, खांद्यातून हात फिरवून काढायचं. त्यासाठी पेन्सिल लिहिताना धरतो तशी न धरता तळव्याखाली आडवी धरा. केसाळ, तुटक रेघेची तक्रारही याने बरीच जाते. उरलीच तर महिनाभर बॉलपेन वापरा. पुसता येत नाही म्हटल्यावर माणूस आधी बघतो.

धड एका पोत्यासारखं काढू नका. बरगड्यांचा पिंजरा हा एक ठोकळा, कमरेचं हाड हा दुसरा, आणि हालचाल होते ती दोघांमधल्या मऊ जागेत. वाकलेल्या बाजूला तिथे घडी पडते, दुसऱ्या बाजूला कातडी ताणली जाते. घडीची बाजू आणि ताणाची बाजू सारखी काढली की कणा लोखंडी होतो.

आणखी एक बारीक गोष्ट. हातापायांच्या दोन्ही कडा समोरासमोर फुगवल्या की बाहुलीचे पाय तयार होतात. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर असतो, आतला खाली. घोट्यात उलट: आतला वर, बाहेरचा खाली. एवढं वर-खाली नीट केलं तरी पाय चालायला लागतो.

कपड्यांबद्दल थोडक्यात. लुगड्याच्या घड्या मोजत बसू नका. कापड कुठून लटकतंय आणि कुठे ताणलंय ते शोधा. खांदा, कंबर, गुडघा, आणि कासोट्यात मागे खोचलेली जागा. घड्या तिथून निघतात.

पुढे आलेला हात तुटका दिसतो

मेंदूला हाताची लांबी माहीत असते आणि तो तीच काढायला लावतो. आपल्याकडे येणारा हात मात्र प्रत्यक्षात अर्ध्याहूनही आखूड दिसतो. इथे हिरेने मोजलेलं माप बघून ‘हे शक्यच नाही’ असं वाटतं. मापावर विश्वास ठेवा.

त्यापुढचा इलाज कोळणीच्या हातातच असतो: बांगड्या. हात आडवा असेल तर बांगडी जवळजवळ सरळ रेघ दिसते. हात आपल्याकडे वळत गेला की ती उघडत जाते आणि सरळ डोळ्यांकडे रोखलेल्या हातात जवळपास पूर्ण गोल होते. मनगट आपल्याकडे येत असेल तर बांगडीची दिसणारी कड कोपराकडे फुगते. मनगट लांब जात असेल तर बोटांकडे. खात्री करायची असेल तर पेला घ्या. वरून बघितला की तोंड आपल्याजवळ असतं आणि तोंडाची पुढची कड तळाकडे फुगलेली दिसते. तोच नियम. हा फुगवटा उलटा काढला की बाकी सगळं बरोबर असूनही हात विरुद्ध दिशेला जातो, आणि काय बिघडलं ते कळत नाही. बांगड्या नसतील तिथे बाहीची कड, घड्याळाचा पट्टा, लुंगीची किनार बघा. काहीच नसेल तर मनाने बांगड्या चढवा, हलक्या रेघेने, आणि नंतर पुसा.

दुसरी तपासणी रिकाम्या जागेची. कमरेवर ठेवलेला हात काढण्याऐवजी हात आणि धड यांच्यामधला त्रिकोण काढा. त्या त्रिकोणाची लांबी मेंदूला पाठ नसते, म्हणून तो खोटं बोलत नाही.

अंगाचा भरीवपणा दाखवायचा सराव करायला हलणारी माणसं सोयीची नाहीत. अलिबाग तालुक्यात सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांच्या राहत्या घरी त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. एखादं पूर्णाकृती शिल्प निवडा, बसायची परवानगी विचारून घ्या आणि सारख्याच अंतरावरून, डोळ्यांची उंची न बदलता, तीन बाजूंनी १५-१५ मिनिटांची रेखाटनं करा. तिन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी, टाळू आणि तळपाय एकाच पातळीत. मग पट्टी आडवी ठेवा. एका चित्रातली हनुवटी, खांदा, कंबर, गुडघा दुसऱ्या चित्रांतल्या त्याच उंचीला यायला हवेत, थोडासा फरक सोडून. कुठलं चित्र फसलं आणि कुठे फसलं ते कुणाला विचारायची गरज पडत नाही.

गर्दीत माणसं तरंगतात

हर्ण्याच्या बंदरावर लिलाव चालू असताना वीस माणसं काढली आणि मागची पाच हवेत उभी राहिली, असं झालं तर समुद्राकडे बघा. समुद्राचं क्षितिज म्हणजे तुमच्या डोळ्यांची उंची. कुठल्याही पुस्तकात हे कल्पनेने मानावं लागतं, किनाऱ्यावर ते आखूनच दिलेलं असतं.

तुम्ही उभे असाल तर सपाट वाळूवर तुमच्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाच्या डोळ्यांतून क्षितिज जातं, तो दहा पावलांवर असो की शंभर. स्टुलावर बसलात तर ते उभ्या माणसांच्या छातीच्या आसपास छेदतं. वाळूवरच बसलात तर जांघेच्या आसपास. म्हणून गर्दी काढताना आधी क्षितिजाची रेघ मारा, एक माणूस नीट मोजून बसवा, आणि बाकीच्यांना त्याच जागी रेघ छेदू द्या. लांबचे आपोआप लहान होतात आणि पावलं आपोआप वर सरकतात.

अपवाद लक्षात ठेवा. पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, पाण्याकडे उतरती असते, म्हणून पाण्याच्या कडेला उभी माणसं तुमच्यापेक्षा खाली असतात आणि क्षितिज त्यांच्या डोक्यावरून जातं. जेटीवरून खाली बघताना तर होडीतली सगळीच माणसं क्षितिजाच्या खाली. चुकून नियम तिथे लावला की होड्या हवेत येतात.

मॉडेल हलतं

हलणारच. म्हणून एकाच कामाला लागलेला माणूस निवडा. मासळी कापणारी बाई दर काही सेकंदांनी त्याच पोजमध्ये परत येते. एका पानावर चार पोज सुरू करा: वाकलेली, सरळ झालेली, हात लांब केलेली, गिऱ्हाइकाशी बोलणारी. ती ज्या पोजमध्ये येईल त्या चित्रात दोन रेघा घाला. अर्ध्या तासात चारही पुरी होतात.

जून-जुलैमध्ये मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाळी शिवायचं काम आडोशाला चालतं. तास-दोन तास एका जागी बसलेला माणूस वर्षात इतर वेळी क्वचितच मिळेल. आधी विचारा. ‘काका, तुमचं चित्र काढलं तर चालेल ना?’ एवढं पुरतं. लिलावाच्या वेळी मात्र कुणाला विचारत बसू नका, आणि टोपल्यांच्या वाटेत स्टूल टाकू नका. चित्र दाखवल्यावर चेहरा मिळत नाही असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. पण ‘मी असा बसत नाय’ असं म्हणालं तर पुन्हा बघा, त्याला त्याचं बसणं तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आठवणीचा सराव याला जोडून घ्या. एक मिनिट फक्त बघायचं, पाठ फिरवायची, तीन मिनिटांत काढायचं, मग पुन्हा वळून लाल पेन्सिलीने दुरुस्त करायचं. दशावतारी नाटकाच्या रात्री हे फार छान जमतं. एका बाकड्यावर राजा बसतो, उठतो, पुन्हा बसतो, आणि त्याच ऐटदार पोज परत परत येतात.

कागदाचं एक. पावसाळ्यात तो सादळतो. सादळलेल्या कागदावर पेन्सिल खड्डे पाडते, रबर लोकर काढतं, आणि माणसाला वाटतं आपला हात बिघडला. कागद झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बंदरावर नेताना दहाच पानं न्या. जलद पोजला साधा झेरॉक्सचा कागद, मोठ्या रेखाटनाला १३० जीएसएमच्या आसपासचा कार्ट्रिज. वाऱ्याला चार क्लिपा, चारही कोपऱ्यांना. उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो आणि सगळ्या छाया गरजेपेक्षा गडद होतात, म्हणून सावलीत बसा.

तपासणी

चित्र संपल्यावर लगेच, तसंच सरळ धरून केलेली तपासणी जवळपास निरुपयोगी. ज्या डोळ्याने चूक केली तोच डोळा अजून गरम असतो. तपासणी तीन वेळा करा. पहिली चित्र चालू असताना, तपशील भरण्याआधी: फळी दोन मीटर लांब ठेवा, डोळे बारीक करा, ओळंब्याची रेघ बघा. या टप्प्यावर चूक सापडली तर दोन रेघांत सुटते. दुसरी संपल्यावर, चित्र उलटं करून आणि आरशात. मोबाईलवर फोटो काढून त्याची डावी-उजवी बाजू उलटी (फ्लिप) केली तरी चालतं. झुकलेली आकृती आरशात दुसरीकडे झुकते आणि डोळ्याला लगेच टोचते. तिसरी दुसऱ्या दिवशी, पट्टी घेऊन. हीच खरी.

तिसरीसाठी मॉडेलचा एक फोटो हवा, तुमच्या जागेवरून आणि तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. जवळ जाऊन काढलेल्या फोटोत पुढचा हात राक्षसी होतो आणि तुम्ही बरोबर चित्राला चूक ठरवता. ५ मीटरवरच थांबा आणि दुप्पट झूम करा. फोटो चित्राच्या उंचीला छापा, ट्रेसिंग पेपरवर उतरवा, चित्रावर ठेवा. टाळू आणि भाराची टाच जुळवा, बाकी कुठे सरकलं ते लाल रेघेने दिसतं. फोटोवरून चित्र काढायचं नाही, फक्त तपासायचं.

आता चुकांची वही. ‘प्रमाण चुकलं’ असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. आकडा आणि दिशा लिहा. नोंद अशी असावी: उभी बाई, टोपली डोक्यावर, १० मिनिटं. चित्रात ६.४ डोकी, मॉडेल ७.२. गळ्याची खळ टाचेपासून १४ मिमी डावीकडे. उजवा पंजा एक तृतीयांश लहान.

वीस चित्रांच्या नोंदी झाल्या की मोजा. चुका इतस्ततः विखुरलेल्या नसतात, दोन-तीनच परत परत येतात आणि बहुधा एकाच दिशेने. सगळ्यात जास्त वेळा आलेली एक निवडा आणि दोन आठवडे फक्त तिच्यावर काम करा. कलंडणं असेल तर प्रत्येक चित्राची पहिली रेघ ओळंब्याची. डोकं मोठं असेल तर डोकं सगळ्यात शेवटी, आधी फक्त त्याची जागा. आखडलेले हात असतील तर रोज पाच चित्रं फक्त बांगड्यांची. त्या काळात बाकी चुका दिसल्या तरी लिहा आणि सोडून द्या. सगळ्या चुका एकदम दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक रेघेला थांबतो आणि आकृती पुन्हा लाकडी होते.

दोन आठवड्यांनी दहा ताजी चित्रं मोजा. ती चूक दहांपैकी तिघांत किंवा त्याहून कमी आली तर तिचं पान बंद. पाच-सहांत अजून असेल तर सराव वाढवू नका, कारण परत शोधा. बहुतेक वेळा फळी, बसायचं अंतर किंवा वाकलेलं कोपर यांतलं काहीतरी राहिलेलं असतं. मग यादीतली पुढची चूक घ्या. ती बहुधा पंजे असतात. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंत चेहऱ्याएवढा लांब, आणि पाऊल कोपरापासून मनगटाएवढं. दोन्ही मापं स्वतःच्या अंगावर लावून बघा, मग आजवरच्या वह्या उघडा.